बाळाला वरचं काही द्यायचं नाही

डॉक्टरीणबाईंनी मला बाहेर थांबायला सांगितलं आणि प्रशांतला एकट्याला आत बोलावलं.

मला चौथा महिना लागला होता. गाझियाबादमध्ये आमच्या सोसायटीच्या मागेच ते नर्सिंग होम आहे, तिथेच मी पहिल्यापासून दाखवत होते. आदल्या आठवड्यात रक्त दिलं होतं, सगळ्याच गरोदर बायकांचं घेतात तसं. मला वाटलं, हिमोग्लोबिन कमी आलं असेल आणि बाई प्रशांतला रागावत असतील की बायकोला नीट खाऊ घाला. शेजारच्या खुर्चीवरच्या बाईने विचारलं, "पहला है?" मी हसून म्हटलं, "हां जी, पहला."

दार उघडून प्रशांत बाहेर आला. माझ्याकडे न बघता रिसेप्शनच्या टेबलाला धरून थोडा वेळ उभा राहिला.

"काय म्हणाल्या?"

"घरी चल, मीना."

"बाळ ठीक आहे ना?"

"बाळ ठीक आहे. चल."

घरी आल्यावर त्याने पंखा लावला, पाणी प्यायला, आणि उभ्याउभ्याच सांगितलं, "तुझी एचआयव्हीची टेस्ट पॉझिटिव्ह आली आहे. त्या म्हणतात, अशा केसची डिलिव्हरी आमच्याकडे होत नाही. सरकारी हॉस्पिटलला जा."

माझ्या शरीरातली गोष्ट माझ्याआधी माझ्या नवऱ्याला कळली होती. असं करायचं नसतं, कायद्यानेही नाही, हे मला नंतर समजलं. तेव्हा मला मरणाची भीतीसुद्धा वाटली नाही. पहिला विचार आला तो असा की, आता हा मला कुठे नेऊन सोडेल?

कुठून आला

मीना हे माझं खरं नाव नाही. बाकीच्यांचीही नावं मी बदलली आहेत. पण जे झालं ते तसंच लिहिते आहे, कारण त्या दिवसांत मी मोबाइलवर मराठीत असं काहीतरी शोधत होते, ज्यात एखादी बाई सांगते की मला हे झालं आणि मी जिवंत आहे. मला ते सापडलं नाही.

मी उदगीरची. प्रशांत माझा दुसरा नवरा. पहिलं लग्न झालं तेव्हा मी नुकतीच बी.कॉम. झाले होते. संदीपचं मोटार वाइंडिंगचं दुकान होतं, माणूस शांत होता. लग्नानंतर वर्षभरातच तो खंगायला लागला. टीबी आहे म्हणून सांगितलं. सोलापूरला ॲडमिट केला, आणि तिथून तो परत आला नाही. मी माहेरी आले. काही वर्षं एका पतसंस्थेत काम केलं. मग ओळखीतून प्रशांतचं स्थळ आलं. तो नगरचा, नोएडात आयटी कंपनीत. त्याचाही आधी घटस्फोट झालेला. मी लग्न करून इकडे आले आणि करोल बागेत एका लेहेंग्याच्या शोरूममध्ये बिलिंगची नोकरी धरली. घराजवळच्या वैशाली स्टेशनवरून मेट्रोने सरळ जाता येतं. दिवस चांगले चालले होते.

"तुला माहीत होतं?" प्रशांतने त्या संध्याकाळी विचारलं.

"नाही."

"आई शप्पथ?"

"पोटातल्या बाळाची शप्पथ."

तो उठला. उशी आणि चादर घेऊन हॉलमध्ये झोपायला गेला.

पुढचे कितीतरी दिवस तो हॉलमध्येच झोपला. भांडला नाही, आवाज चढवला नाही. सकाळी डबा घेऊन जायचा, "येतो" म्हणायचा. मी सरकारी हॉस्पिटलमध्ये नाव घातलं होतं आणि तिथून त्यालाही टेस्टसाठी बोलावलं होतं, पण तिथे मात्र तो जात नव्हता. मी विषय काढला की म्हणायचा, "बघू यार, ऑफिसमध्ये रिलीज चालू आहे." त्याने वापरलेला ग्लास मी घासायला घेतला की मला वाटायचं, ह्याला माझ्यामुळे झालं असलं तर? आणि लगेच दुसरं वाटायचं, ह्याच्यामुळे मला झालं असलं तर? आणि तोच ग्लास मी पुन्हा घासायला घ्यायची.

रेखाताई

शेवटी मी रेखाताईंना फोन लावला. संदीपची मोठी बहीण. बऱ्याच वर्षांत बोलणं नव्हतं, पण नंबर होता. रविवार होता, प्रशांत समोर बसला होता. मी फोन स्पीकरवर ठेवला.

"मीना? अगं, किती वर्षांनी! दिल्लीला असतीस ना आता? बरी आहेस ना?"

"ताई, संदीपला नक्की काय झालं होतं?"

"टीबी. तुला माहीत आहे की."

"टीबीच होता फक्त?"

मग रेखाताई हळू आवाजात म्हणाल्या, "तुला कुणी सांगितलं?"

त्या एका प्रश्नात मला उत्तर मिळालं.

"मला झालाय, ताई. मी गरोदर आहे."

त्या रडायला लागल्या. रडतारडता बोलत राहिल्या. सोलापूरच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं की त्याच्या बायकोचंही रक्त तपासून घ्या. संदीपचे वडील म्हणाले, गावात बोभाटा होईल, दुकानाची पायरी कुणी चढणार नाही. रेखाताईंच्या नणंदेचं लग्न तेव्हा ठरत होतं. म्हणून सगळ्यांनी ठरवलं, टीबीच म्हणायचं.

"आणि मी?" मी विचारलं. "माझं काय ठरवलं होतं तुम्ही?"

"तुझं वय कोवळं होतं गं. खरं सांगितलं असतं तर तुला कुणी पदरात घेतलं असतं का? तुझं भलं व्हावं म्हणूनच गप्प बसलो आम्ही."

मला त्यांना खूप बोलायचं होतं. की तेव्हाच गोळ्या सुरू झाल्या असत्या. की प्रशांतला मी सांगून लग्न केलं असतं किंवा केलं नसतं, पण त्याला विचारता तरी आलं असतं. की बाळाचा विचार आधी करता आला असता. यातलं एकही वाक्य माझ्या तोंडून निघालं नाही. प्रशांतने हात लांब करून फोन बंद केला.

तो उठून बाल्कनीत गेला. खाली मुलं क्रिकेट खेळत होती, त्यांचा गलका वर येत होता. परत आला तेव्हा त्याचे डोळे लाल होते.

"ते टेस्टिंग सेंटर सोमवारी उघडं असतं का?" त्याने विचारलं.

त्याचा रिपोर्ट

प्रशांतची टेस्ट निगेटिव्ह आली.

तिथल्या समुपदेशक बाईंना सगळे मॅडम म्हणत. त्यांनी हिंदीत समजावलं की तीन महिन्यांनी पुन्हा एकदा करावी लागेल, तोवर काळजी घ्या. आम्ही दोघांनी मान हलवली. बाहेर आल्यावर मी रिक्षाच्या रांगेजवळच खाली बसले आणि देवाचे आभार मानले. आणि घरी पोचेपर्यंत मला नवीन भीतीने धरलं. दोघांनाही असतं तर आम्ही एकमेकांना बांधलेले राहिलो असतो. आता त्याला जायला रस्ता मोकळा होता.

हे मी त्याला बोलून दाखवलं नाही, पण त्याला दिसलं असावं. दुसऱ्या दिवशी डबा भरताना तो स्वयंपाकघराच्या दारात येऊन म्हणाला, "मीना, मी तुझ्यावर रागावलेलो नाही. मी घाबरलोय. दोन्ही दिसायला सारखंच दिसत असेल."

"तू जाशील का?"

"माहीत नाही," तो म्हणाला. मग म्हणाला, "आत्ता ऑफिसला जातो. संध्याकाळी येतो."

त्या दिवसापासून मी संध्याकाळपर्यंतचाच विचार करायला शिकले. तो रोज येत होता.

एकच गोळी

गोळ्या सुरू झाल्या. दिवसाला एकच गोळी, रोज ठरलेल्या वेळी, आणि आयुष्यभर. पहिले काही दिवस डोकं जड राहायचं, विचित्र स्वप्नं पडायची, मग ते थांबलं. गोळीचा त्रास झाला नाही. त्रास झाला तो तिच्यापर्यंत पोचण्याचा.

गोळ्या मिळतात ते सरकारी सेंटर उघडं असतं तेव्हाच माझं शोरूमही उघडं असायचं. दर महिन्याला अर्धी रजा मागायची तर कारण द्यावं लागे. शेठजींना मी सांगितलं की मला गरोदरपणातली शुगर निघाली आहे. मग त्यांच्या पत्नी माझ्यासाठी घरून कारल्याचा रस पाठवायला लागल्या. बिचाऱ्या प्रेमाने पाठवत आणि मी घाबरत घाबरत पीत असे, की उद्या यांनी साखरेचा रिपोर्ट दाखव म्हटलं तर? गोळ्यांची मोठी बाटली हलवली की खुळखुळ वाजायची. मेट्रोत बॅग मशीनमधून जाताना मी श्वास धरून उभी राहायची. तिथल्या शिपायाला कशाचंच काही नसतं, हे कळत होतं. तरी.

सेंटरच्या बाहेर बाकांवर बायका दुपट्ट्याने तोंड झाकून बसलेल्या असत. मीही तशीच बसत असे. तिथे मला शबाना भेटली. गाझियाबादच्याच दुसऱ्या टोकाला राहणारी, माझ्याहून लहान. तिनेच माझं पोट बघून बोलायला सुरुवात केली.

"कौन सा महीना?"

"छठा."

"डर लग रहा है?"

मी मान हलवली. तिने मोबाइल काढून फोटो दाखवला. दोन वेण्या घातलेली, शाळेच्या गणवेशातली मुलगी. "मेरी बेटी. निगेटिव्ह है. एकदम ठीक."

मी त्या फोटोकडे किती वेळ बघत राहिले. मग शबाना म्हणाली, "इससे पहले एक और थी."

तेव्हा ती सासरी राहत होती, एका खोलीत सहा माणसं. गोळ्या ठेवायला जागा नाही, खायला आडोसा नाही. सासूच्या नजरेला पडतील म्हणून कितीतरी दिवस तिने गोळ्या घेतल्याच नाहीत. बाळाला अंगावरचं दूधही चालू होतं, आणि सासू वरून म्हशीचं दूध, मध, पाणी, जे हाताला लागेल ते देत होती. ती काय सांगून थांबवणार होती? ती मुलगी पहिल्या वाढदिवसापर्यंत राहिली नाही. मग नवरा वेगळा राहायला तयार झाला, तेव्हा दुसरी झाली.

"दवाई तो वही थी, दीदी," ती म्हणाली. "घर दूसरा था."

त्या दिवशी परत येताना मी प्रथमच माझ्या घराकडे त्या नजरेने पाहिलं. दोन खोल्या, आत एकच माणूस, ज्याला सगळं माहीत आहे. आणि तरीही मी इतकी घाबरलेली होते.

माहेरचं बाळंतपण

आमच्याकडे पहिलं बाळंतपण माहेरी. यात विचारण्यासारखं काही नसतंच. सातवा लागल्यापासून आईचे फोन सुरू झाले. उदगीरच्या ओळखीच्या डॉक्टरीणबाईंकडे तिने नावही घालून ठेवलं होतं. त्या दवाखान्यातली नर्स आमच्या गल्लीतली, कंपाउंडर बाबांच्या मित्राचा मुलगा. तिथे माझी फाइल गेली असती, तर मी गावच्या स्टँडवर उतरण्याआधी गावाला कळलं असतं.

"मी इथेच राहते, आई. इकडची हॉस्पिटलं मोठी असतात."

"दिल्लीला मोठी आणि आमच्याकडं काय म्हशीच्या गोठ्यात बाळंत होतेत का?"

"तसं नाही गं."

"मग कसं? प्रशांतराव नको म्हणायलेत का?"

मी प्रशांतच्या अंगावर ढकललं. म्हटलं, हो, त्याला मी जवळ हवी आहे. तो शेजारीच होता. त्याने फोन घेतला आणि आईला म्हणाला, "आई, तुम्हीच इकडे या. मला एकट्याला जमणार नाही." आई विरघळली. फोन ठेवल्यावर तो माझ्याकडे बघून थोडासा हसला. त्या आठवड्यात त्याची दुसरी टेस्टही निगेटिव्ह आली होती. त्यानंतर कधीतरी हॉलमधली उशी परत आत आली.

वॉर्ड

प्रसूतीच्या वॉर्डमध्ये काय झालं ते मी थोडक्यात सांगते.

रक्तात विषाणू मोजण्याइतकासुद्धा राहिलेला नाही, असा रिपोर्ट शेवटच्या महिन्यात आला होता. मॅडमनी माझ्या पाठीवर हात ठेवून सांगितलं होतं, "अब आप से किसी को खतरा नहीं है. बच्चे को भी ना के बराबर." ते वाक्य मी मंत्रासारखं म्हणत कळा सोसत होते. आणि एक नर्स दारातून दुसरीला ओरडून विचारत होती, "वो पॉझिटिव्ह वाली कौन से बेड पे है?"

वॉर्डमधल्या सगळ्या माना वळल्या. माझ्या शेजारच्या बाईच्या आईने तिची पिशवी उचलून पलीकडे ठेवली. एक आया माझी चादर बदलायला आली नाही. मला सारखं वाटत होतं की हे लोक मला टाकून देतील, बाळ आत अडकेल आणि कुणी हात लावणार नाही.

पण एक तरुण डॉक्टर होती, इंटर्न असावी. तिने त्या नर्सला बाजूला नेऊन काहीतरी सुनावलं. मग माझ्यापाशी आली आणि विचारलं, "आप महाराष्ट्र से हो? मेरी रूममेट भी. वो गाली मराठी में देती है. आप भी दे लो, दर्द में काम आता है." मला हसू आलं. मी शिवी दिली नाही, "आई गं" म्हणून ओरडले. तिच्याच हातावर माझा मुलगा जन्मला.

रडला. मी आधी तेच ऐकलं. मग पहिला प्रश्न विचारला तो मुलगा की मुलगी हा नव्हता. "उसको हुआ है क्या?" मी विचारलं. डॉक्टर म्हणाली, "अभी नहीं बता सकते. डेढ़ साल लगेगा पक्का होने में. लेकिन डरो मत."

डरो मत म्हणणं सोपं आहे.

बोंडलं

घरी आल्यावर नियम साधा होता. बाळाला रोज विषाणू रोखणारं सिरप द्यायचं, आणि पहिले सहा महिने फक्त माझं दूध. वरचं काही म्हणजे काही नाही. मध नाही, पाणी नाही, गुटी नाही. मी गोळ्या नीट घेतेय तोवर माझं दूध चालेल, पण दोन्ही मिसळलं तर धोका वाढतो, हे मॅडमनी पुन्हा पुन्हा बजावलं होतं. शबानाची पहिली मुलगी माझ्या डोळ्यांसमोरून हलत नव्हती.

आणि आई उदगीरहून गुटीचा डबा घेऊन आली होती. हिरडा, बेहडा, वेखंड, मुरुडशेंग, जायफळ. सोबत सहाण, आणि चांदीचं बोंडलं, ज्यातून मीही गुटी प्यायले होते.

"डॉक्टर नको म्हणालेत, आई."

"तुला काय डॉक्टरनं वाढवलंय?"

पहिले दिवस मी कशीबशी टाळत राहिले. सिरपचं विचारलं तर ताकदीचं आहे म्हटलं. आई गप्प बसली, पण पटलेलं नव्हतं. बाळाचं पोट धरलं, ते पाय पोटाशी घेऊन रडायला लागलं, तेव्हा आईचा धीर सुटला. मी आंघोळीला गेले होते. बाहेर आले तर आईने बाळाला पायांवर घेतलं होतं आणि बोंडल्याचं टोक त्याच्या ओठांशी टेकलेलं होतं.

मी धावले. आईच्या हातावर इतक्या जोरात फटका मारला की बोंडलं भिंतीवर जाऊन आपटलं. बाळ दचकून टाहो फोडायला लागलं. मी त्याचं तोंड पदराने पुसत सुटले, आतून, बाहेरून.

"गेलं का पोटात? आई, सांग, गेलं का?"

"येडी झालीस का तू? काय करायलीस हे?"

"गेलं का ते सांग!"

"नाही गेलं! ओठाला बी लागलं नाही नीट!"

मी बाळाला छातीशी धरून जमिनीवर बसले. मग आईने कधीच वापरला नव्हता तसा आवाज वापरून विचारलं, "मीना. काय लपवायलीस?"

मी सांगितलं. सगळं, संदीपपासून.

आई भिंतीला टेकली. मग तिने मला विचारलेल्या गोष्टी मी कधी विसरणार नाही, कारण त्या इतक्या साध्या आणि इतक्या भयंकर होत्या. "तू मरणार का?" "एका ताटात जेवलं तर चालतं का?" "ह्याला झालंय का?" पहिल्याला मी नाही म्हटलं, दुसऱ्याला हो. तिसऱ्याला म्हटलं, माहीत नाही.

दुपारी जेवताना तिचा हात माझ्या ताटाशी येऊन थबकला. क्षणभरच. मला तो दिसला आणि तिलाही कळलं की मला दिसला. मग तिने माझ्या ताटातली भाकरी मोडून खाल्ली. घास गिळताना तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. घाबरून की दुःखाने, ते मी विचारलं नाही.

संध्याकाळी तिने गुटीचा डबा फडक्यात बांधून बॅगेत तळाशी टाकला. बाळाच्या पोटावर कोमट तेलाचा हात फिरवत बसली आणि प्रशांत आल्यावर त्याला म्हणाली, "प्रशांतराव, तुम्ही हिला टाकलं नाही." तो इतका ओशाळला की बूट न काढताच आत निघून गेला.

वाट बघणं

बाळाची पहिली तपासणी सहा आठवड्यांनी झाली. टाचेला टोचून रक्ताचे थेंब कागदावर घेतले. रिपोर्ट यायला वेळ लागतो. ते दिवस मी आणि आई एकमेकींकडे न बघता घरात वावरत होतो. त्याला शिंक आली तरी दोघी धावायचो. निगेटिव्ह आला. मी हसले नाही, कारण अजून पुढच्या तपासण्या होत्या. सहा महिन्यांनी पुन्हा निगेटिव्ह. वर्षाने पुन्हा. प्रत्येक वेळी मला वाटायचं, आधीचे चुकले असतील, खरा रिपोर्ट हाच येईल.

भीतीबद्दल मला एक सांगायचं आहे. चांगली बातमी आली की भीती जाते, असं नाही. तिला रोज उठून घरात वावरायची सवय झालेली असते. मुलगा चालायला लागला, "पापा" म्हणायला लागला, सोसायटीतल्या मुलांबरोबर हिंदीत बडबडायला लागला, आणि मी त्याच्या गुडघ्याला खरचटलं तरी थिजून उभी राहत होते.

दीड वर्षाची शेवटची टेस्ट झाली. मॅडमनी रिपोर्ट आधी स्वतः वाचला, मग आमच्याकडे फिरवला आणि म्हणाल्या, "अब इसको यहाँ लाने की जरूरत नहीं. बिल्कुल ठीक है." प्रशांतने मुलाला खांद्यावर बसवलं आणि हॉस्पिटलच्या गेटपर्यंत तसाच पळत गेला. लोक बघत होते. मी मागून चालत होते.

शबानाला फोन केला. ती ओरडलीच. मग आईला केला. तिच्या मागे बाबांचा आवाज येत होता, "कोणाचा फोन आहे गं?" बाबांना तेव्हाही माहीत नव्हतं. आईने ते इतके दिवस एकटीने वाहिलं.

बैठक

एवढं सांगून मी थांबणार होते. पण गेल्या महिन्यात आईचा फोन आला, म्हणून हे लिहायला बसले.

माझ्या धाकट्या मावशीची मुलगी ऋतुजा. तिला पुण्याचं स्थळ आलं. मुलगा चांगला, नोकरी चांगली. बैठक बसली, देणंघेणं, हॉल, सगळं ठरत आलं. सुपारी फोडायची वेळ झाली तेव्हा आई मध्येच बोलली.

"मी म्हणलं, आधी पोराचं आणि पोरीचं, दोघांचं रक्त तपासून घ्या. मग फोडा सुपारी."

"सगळ्यांसमोर?" मी विचारलं. माझा आवाज मलाच बारीक लागला.

"सगळ्यांसमोर. तुझी मावशी माझ्याकडं बघतच राहिली. पोराचे काका उठून उभे राहिले. म्हणले, आमच्या घराण्यावर संशय घेता का?"

"मग?"

"मी म्हणलं, संशय नाही. माझ्या पोरीच्या वेळी आम्ही घराणंच बघितलं होतं. रक्त बघायचं राहिलं."

बैठकीत पंचवीस-तीस माणसं तरी असणार. बाबाही असणार. म्हणजे आता उदगीरला कळलं, किंवा उद्या कळेल. मला ओरडावंसं वाटलं की आई, मला विचारायचं तरी होतंस. पलीकडे ती श्वास धरून थांबली होती, मी ओरडेन म्हणूनच.

मी ओरडले नाही. "बाबा काय म्हणाले?" एवढंच विचारलं.

"काही नाही. घरी येईपर्यंत बोलले नाहीत. आल्यावर म्हणले, मीनाला फोन लाव. मी म्हणलं, आधी मी बोलते."

"आणि मुलगा?"

"तो पोरगाच म्हणला, करू की, त्यात काय. दोघांची करू."

मग आई म्हणाली, "लई भीती वाटली गं. बोलताना तोंड कोरडं पडलं होतं, जीभ टाळ्याला चिकटायली होती. पण बोलले."

हे सगळं लिहिताना माझंही तसंच झालं आहे.